श्रीपूर ते सिरपूर : महानदीकाठच्या एका खेड्याचा इतिहास

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी छत्तीसगडातील मराठी माणसाच्या इतिहासावर काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली. या विषयाचा विचार करू लागले की मन साहजिकच रतनपूरकडे वळते. १७४१ साली भास्करपंतांनी रतनपूर घेतले, १७५८ पासून बिंबाजी भोसले तेथे राहून कारभार पाहू लागले, त्यांच्या पश्चात सुभेदार आले आणि १८५४ साली नागपूरच्या राज्याबरोबर हा मुलूखही इंग्रजांनी खालसा केला, हा क्रम आपल्यापैकी पुष्कळांना पाठ आहे. त्यावर यापूर्वी लिहिलेही गेले आहे. म्हणून प्रस्तुत लेखात मी मुद्दामच राजवटीची वाट सोडून एका खेड्याची वाट धरली आहे. ते खेडे म्हणजे महानदीच्या काठचे सिरपूर. वाचकांस प्रथम वाटेल की या खेड्याचा आणि मराठी माणसाचा संबंध काय? तो आहे, आणि माझ्या मते तो राजवटीच्या संबंधाहून अधिक टिकाऊ आहे. तोच दाखविण्याचा हा अल्प प्रयत्न.

गावाच्या इतिहासाची साधने

इंग्लंडमध्ये लहानात लहान खेड्याचा इतिहास लिहिण्याची जुनी परंपरा आहे. गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्याने आपल्या सेलबोर्न गावाविषयी लिहिलेला ग्रंथ १७८९ साली प्रसिद्ध झाला आणि आजही तो वाचला जातो. तेथील चर्चमधून जन्म, विवाह व दफन यांच्या नोंदी ठेवण्याचा हुकूम १५३८ साली निघाला. त्यामुळे एखाद्या गावचा शाळामास्तरदेखील सवड काढून चारशे वर्षांची हकीकत जुळवू शकतो. आपल्याकडे महाराष्ट्रात कुलकर्ण्यांची दप्तरे होती. ती धुंडाळण्याचा ध्यास घेऊन राजवाड्यांनी गावोगाव पायपीट केली आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले.

छत्तीसगडातील खेड्यांपाशी चर्चची वही नाही आणि पेशवाईतल्यासारखे दप्तरही क्वचितच सापडते. येथील नोंदी तांब्याच्या पत्र्यांवर, दगडांवर आणि विटांवर आहेत. त्या वाचावयाच्या तर लिपी यावी लागते, संस्कृत यावे लागते आणि मातीचे थर ओळखता यावे लागतात. म्हणून येथे गावाचा इतिहास गावकऱ्याला एकट्याने लिहिता येत नाही. त्याला बाहेरच्या अभ्यासकाची सोबत लागते. सिरपूरला ही सोबत कशी मिळाली, ते पाहण्यासारखे आहे.

राजधानीचे दिवस

रायपूरहून पूर्वेस आरंगवरून निघून महानदीचा पूल ओलांडावा आणि पुढे मोठा रस्ता सोडून डावीकडे वळावे, म्हणजे एकूण सुमारे ८० किलोमीटरवर सिरपूर लागते. १९९८ पर्यंत हे गाव रायपूर जिल्ह्यातच होते. त्या वर्षी महासमुंद हा वेगळा जिल्हा झाल्यापासून ते त्यात मोडते. भाताची शेते, साधी घरे, नदीचा विस्तीर्ण वाळवंटी पट्टा आणि झाडीतून डोके वर काढणारे विटांचे एक शिखर, असे या गावाचे दर्शन आहे.

या खेड्याचे मूळ नाव श्रीपूर. दक्षिण कोसल देशाची ही राजधानी होती. शरभपुरीय घराण्याचे राजे आधी शरभपूर नावाच्या नगरातून दानपत्रे देत असत. पुढे सुदेवराज व प्रवरराज यांच्या काळी श्रीपुराचे नाव ताम्रपटांवर येऊ लागते. त्यांच्यामागून पांडुवंशी राजे आले. या दोन घराण्यांच्या ताम्रपटांना जोडलेल्या मुद्रा पाहिल्या तरी मोठा इतिहास कळतो. शरभपुरीयांच्या मुद्रेवर गजलक्ष्मी आहे, पांडुवंशी तीवरदेवाच्या मुद्रेवर गरुड आहे आणि त्याच वंशातील महाशिवगुप्त बालार्जुनाच्या मुद्रेवर नंदी आहे. राजाची उपासना बदलली, तरी दान देण्याची आणि ते तांब्यावर कोरून ठेवण्याची रीत बदलली नाही.

बालार्जुनाची कारकीर्द दीर्घ होती. त्याच्या ५७ व्या राज्यवर्षाचा ताम्रपट उपलब्ध आहे. त्याचा काळ सामान्यतः सातव्या शतकाच्या पूर्वार्धात धरतात. चिनी यात्रेकरू ह्युएन-त्संग याच शतकात कोसल देशात येऊन गेला आणि तेथे सुमारे शंभर संघाराम असल्याचे त्याने लिहून ठेवले. त्याने पाहिलेली राजधानी कोणती याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. कनिंगहॅम यांनी ती चांद्याकडे शोधली, इतर काहींनी सिरपूरचा पक्ष घेतला. हा वाद येथे सोडविण्याचे कारण नाही. मात्र सिरपूरच्या मातीतून निघालेले विहार पाहिल्यावर यात्रेकरूच्या वर्णनाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

वासटा राणीचे देऊळ

झाडीतून दिसणारे जे शिखर वर सांगितले, ते लोकांच्या तोंडी 'लक्ष्मण मंदिर' या नावाने प्रसिद्ध आहे. वस्तुतः हे विष्णूचे देऊळ. बालार्जुनाची माता वासटा हिने ते बांधविले. ती मगधाच्या सूर्यवर्म्याची कन्या आणि हर्षगुप्ताची राणी. पतीच्या निधनानंतर, पुत्र राज्यावर असता, तिने हे हरीचे मंदिर उभारले. उंच दगडी जोत्यावर विटांचा गाभारा व शिखर आणि दाराला तेवढी दगडी चौकट, अशी याची रचना आहे. चौकटीवर शेषशायी विष्णू व अवतार कोरलेले आहेत. पुढचा मंडप केव्हाच कोसळला. पण विटांवर कोरलेल्या चैत्यगवाक्षांच्या नक्षीसह शिखराचा मोठा भाग सुमारे चौदाशे वर्षे ऊनपाऊस सोशीत उभा आहे. भारतातील विटांच्या प्राचीन देवळांत उत्तर प्रदेशातील भीतरगावबरोबर याचे नाव घेतले जाते.

या देवळाच्या ढिगाऱ्यात एक शिलालेख मिळाला. तो रायबहादूर हिरालाल यांनी 'एपिग्राफिया इंडिका'च्या अकराव्या खंडात प्रसिद्ध केला. देवळास पाच गावे दान दिल्याचे त्यात नमूद आहे. एक गाव देवाच्या नैवेद्यासाठी राखून उरलेल्या चारांचे उत्पन्न अन्नसत्र, देवळाची डागडुजी, सेवकवर्ग आणि वेदज्ञ ब्राह्मण यांच्यात वाटून दिलेले आहे. येथवर सर्व काही नेहमीचेच. परंतु पुढे ज्या अटी घातल्या आहेत, त्या मुळातून समजून घेण्याजोग्या आहेत. ब्राह्मणांचा वाटा पुत्रपौत्रांकडे जाईल, पण केव्हा? तर ते अग्निहोत्र पाळणारे व वेदाची सहा अंगे जाणणारे असतील, द्यूत-वेश्यादी व्यसनांपासून दूर असतील आणि कोणाचे चाकर नसतील तर. अशी योग्यता नसेल किंवा कोणी निपुत्रिक वारला, तर त्याच्या जागी आप्तांपैकीच वयोवृद्ध व विद्वान मनुष्य घ्यावा. आणि तो त्यांनी आपसांत एकमताने निवडावा, राजाच्या आज्ञेने नव्हे.

नियम, परिपत्रके व अटी वाचण्यात ज्याची नोकरीची तीन दशके गेली, अशा प्रस्तुत लेखकास हे शेवटचे वाक्य फार मोलाचे वाटते. दान देणारी राजमाता आहे, राज्य तिच्याच मुलाचे आहे. तरीही पुढे कधी तरी राजाची मर्जी या व्यवस्थेत शिरेल हे ओळखून तिने त्या मर्जीला दाराबाहेर ठेवले. अधिकार हाती असताना स्वतःच्याच वारसांच्या अधिकाराला मर्यादा घालणे, ही गोष्ट तेव्हाही सोपी नव्हती आणि आजही नाही. गावाच्या इतिहासात लढायांपेक्षा अशा नोंदी अधिक बोलक्या असतात.

विहार, मठ आणि हाट

माता वैष्णव, पुत्र परममाहेश्वर आणि नगरात बौद्ध भिक्षूंचे विहार, अशी त्या काळची श्रीपुराची घडण होती. आनंदप्रभ नावाच्या भिक्षूने बालार्जुनाच्या कारकीर्दीत एक विहार बांधला व भिक्षूंच्या भोजनाची सोय केली, असे तेथे सापडलेला शिलालेख सांगतो. मधोमध अंगण, भोवती खोल्या आणि समोरच्या गाभाऱ्यात भूमिस्पर्शमुद्रेतील भव्य बुद्धमूर्ती असा हा विहार आज सर्वांना पाहावयास मिळतो.

गावापासून जवळच सेनकपाट नावाची वस्ती आहे. तेथील बालार्जुनकालीन शिलालेखात शिवालय बांधून ते आमर्दक नावाच्या तपोवनातून आलेल्या शैव आचार्यांच्या परंपरेकडे सोपविल्याचा उल्लेख आहे. हे आमर्दक म्हणजे मराठवाड्यातील औंढा नागनाथ, असे एक मत आहे. ते ग्राह्य धरले तर महाराष्ट्राच्या भूमीतून येथे आलेली पहिली माणसे घोड्यावर बसून नव्हे, तर दंडकमंडलू घेऊन आली, असे म्हणावे लागेल.

उत्खननात या नगराचा रोजचा व्यवहारही डोकावतो. सोनाराची हत्यारे मिळाली, घरगुती वापराच्या लोखंडी वस्तू मिळाल्या, शरभपुरीय प्रसन्नमात्र राजाचे सोन्याचे नाणे मिळाले आणि 'काई-युआन' अशी अक्षरे असलेले चिनी नाणेही मिळाले. नदीकाठच्या या हाटात दूरदेशीचे पैसे खुळखुळत होते, याची ती साक्ष आहे.

राजधानीचे खेडे झाले तेव्हा

बालार्जुनानंतर या घराण्याचे वैभव ओसरले. पुढे कलचुरी आले, त्यांनी तुम्माण व नंतर रतनपूर येथे राजधानी केली आणि श्रीपुराकडे जाणारी राजकारणाची वाट बुजली. इतिहासाची पाठ्यपुस्तके येथे पान उलटतात. परंतु खऱ्या अर्थाने गावाचा इतिहास येथूनच सुरू होतो.

विहार ओस पडल्यावर त्याच्या खोल्यांतून दुसऱ्या लोकांनी कच्च्या भिंती घालून संसार थाटले. नावे बदलली. विष्णूच्या देवळाचा 'लक्ष्मण' झाला व शेजारच्या भग्न देवळाला 'राम' हे नाव मिळाले. वासटा राणीचे नाव कोणाच्या स्मरणात राहिले नाही. नदीकाठी गंधेश्वराचे देऊळ मात्र जागते राहिले. जुन्या लेखात याच देवतेला गंधर्वेश्वर म्हटले असून तिच्या पूजेसाठी माळ्यांकडून फुलांचे हार पुरविण्याची व्यवस्था लिहिलेली आहे. या देवळाची जीर्णोद्धारे झाली ती पडक्या वास्तूंचे खांब, मूर्ती व लेखांचे दगड आणून. त्यामुळे ते देऊळ म्हणजे साऱ्या श्रीपुराचा जणू संग्रहच झाला आहे. माघी पौर्णिमेला तेथे जत्रा भरते व श्रावणात कावडी येतात.

गावकऱ्यांनी जुन्या विटा घरांसाठी उचलल्या, हेही खरे आहे. शहरी माणूस त्याबद्दल नाक मुरडतो. पण ज्याच्या दाराशी विटांचा डोंगर आहे आणि ज्याला त्याचे मोल कोणी सांगितले नाही, त्याने त्या उचलल्या तर नवल कोणते? त्याच गावकऱ्याने गंधेश्वराला रोजचे फूल चुकविले नाही. इतिहासाची नासधूस आणि इतिहासाचे जतन, दोन्ही एकाच हातांनी केले. गावाविषयी लिहिताना या दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत.

वाचणारे आले

इंग्रजी अमदानीत बेग्लर १८७३-७४ च्या दौऱ्यात व कनिंगहॅम १८८१-८२ च्या दौऱ्यात या भागात आले आणि त्यांनी या अवशेषांची वर्णने लिहिली. लाँगहर्स्ट यांनी १९०९-१० च्या पुरातत्त्व अहवालात मध्यप्रांतातील विटांच्या देवळांवर लेख लिहिला. हिरालाल यांचा उल्लेख वर आलाच आहे. ते याच प्रांतातील कटनीकडचे.

यानंतर जे दोन विद्वान आले, त्यांची आठवण आपल्या मंडळात आवर्जून केली पाहिजे. पहिले महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी. कोकणात जन्मलेल्या (१८९३) या पंडिताने नागपुरात संस्कृतचे अध्यापन केले आणि विदर्भातील वाकाटकांचे ताम्रपट वाचता वाचता दक्षिण कोसलाकडे दृष्टी वळविली. दोन्हीकडची लिपी एकच, अक्षराच्या डोक्यावर लहानशी पेटी असलेली. प्रवरराजाच्या ठाकुरदिया ताम्रपटाचे संपादन त्यांनी केले. महाशिवगुप्ताच्या मल्हार ताम्रपटाचे संपादन त्यांनी पंडित लोचनप्रसाद पांडेय यांच्यासह केले. पांडेयजी हे छत्तीसगडचे सुपुत्र, कवी आणि संशोधक. एकाने या मातीतून ताम्रपट शोधून आणावा, दुसऱ्याने तो वाचावा आणि लेखाखाली दोघांची नावे यावीत, हा सहकार्याचा आदर्शच होय.

मिराशींच्या पद्धतीचे एकच उदाहरण देतो. नागपूरच्या संग्रहालयातील पांडुवंशी भवदेव रणकेसरीच्या काळचा शिलालेख पूर्वी भांदकचा म्हणून प्रसिद्ध झाला होता. मिराशींनी तो मूळचा आरंगचा असल्याचे साधार मांडले. वस्तुतः भांदक हे विदर्भातले. लेख तेथेच राहू दिला असता तर विदर्भाच्या इतिहासात एका पानाची भर पडली असती. पण पुराव्याने जिकडे नेले तिकडे ते गेले आणि आपल्या प्रांताच्या पदरातील दान त्यांनी ज्याचे त्याला परत केले. प्रामाणिक संशोधनाची याहून मोठी कसोटी मला ठाऊक नाही.

दुसरे डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित. डॉ. हसमुख सांकलिया यांच्यासमवेत १९४५-४६ साली कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीचे उत्खनन करून त्यांनी नाव मिळविले होते. पुढे सागर विद्यापीठात असता त्यांनी जबलपूरजवळ त्रिपुरी येथे खोदकाम केले आणि १९५३ पासून सिरपूरकडे वळले. आधी विद्यापीठाच्या वतीने व नंतर मध्यप्रदेश शासनातर्फे १९५६ पर्यंत त्यांनी येथे उत्खनन केले. आनंदप्रभ विहार मातीबाहेर आला तो या मोसमांत. सोनाराची हत्यारे व चिनी नाणे हेही त्यांच्याच उत्खननातले. आणि सेनकपाटचा शिलालेख त्यांनी दिनेशचंद्र सरकार यांच्यासह प्रसिद्ध केला. सिरपूर व राजिम येथील देवळांवरचा त्यांचा ग्रंथ १९६० साली मुंबईहून निघाला. मणी आणि काच यांसारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूंवर आयुष्यभर अभ्यास करणारा हा मनुष्य. राजाच्या मुकुटाइतकेच सोनाराच्या सांडशीला महत्त्व देण्याची दृष्टी त्यांच्यापाशी होती.

दीक्षितांच्याही आधी, १९३९ च्या सुमारास, लक्ष्मण मंदिराच्या परिसरात ब्राँझमूर्तींचा मोठा साठा सापडला होता. त्यावेळी त्या मूर्तींची रीतसर यादी झाली नाही आणि त्या हातोहात पांगल्या. काही रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयात आल्या. एक अप्रतिम तारामूर्ती तर समुद्र ओलांडून अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात जाऊन बसली. एकीकडे ही पांगापांग आणि दुसरीकडे दीक्षितांनी प्रत्येक फुटक्या खापराची थरासह केलेली नोंद, यांतले अंतर म्हणजेच वस्तू आणि इतिहास यांतले अंतर. मूर्ती सुंदर असते. पण ती कोठे, कशाशेजारी, कोणत्या थरात होती हे कळले नाही, तर तिची अर्धी वाचा जाते.

२००० साली छत्तीसगड राज्य झाल्यानंतर अरुणकुमार शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली सिरपूरचे उत्खनन पुन्हा जोमाने झाले. सुरंग टीला, तीवरदेव विहार, बाजारपेठेचे अवशेष अशी कितीतरी स्थळे उजेडात आली. शर्माजींना २०१७ साली पद्मश्री मिळाली; २०२४ साली ते निवर्तले. आज येथे देशोदेशीचे पर्यटक येतात.

आपले खाते

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. छत्तीसगडाशी मराठी माणसाचा जो संबंध आला, त्याची दोन खाती मांडता येतात. पहिले खाते भोसल्यांच्या अमलाचे. बिंबाजींविषयी येथे आजही आदराने बोलले जाते, हे खरे. परंतु त्यांच्यामागून आलेल्या सुभ्यांची दृष्टी मुख्यतः वसुलीवर होती आणि येथला पैसा नागपूरला जात होता, हेही तितकेच खरे. हे खाते १८५४ साली बंद झाले. त्याचा अभिमान किती धरावा, हे ज्याने त्याने ठरवावे.

दुसरे खाते मिराशी आणि दीक्षित यांचे. त्यांनी येथून काही नेले नाही. उलट येथील लोकांना त्यांच्या राजांची नावे, त्यांच्या राणीचे औदार्य आणि त्यांच्या गावाचे वय परत मिळवून दिले. त्यांनी उघडलेला विहार ज्याचा त्याच्याच गावात उभा आहे, वाचलेले लेख सर्वांना खुले आहेत. हे खाते अद्याप चालू आहे आणि ते पुढे चालविणे आपल्या हाती आहे. आपल्यापैकी पुष्कळांची तिसरी-चौथी पिढी रायपुरात नांदते आहे. आपली मुले सुटीत रायगड, प्रतापगड पाहून येतात, ते योग्यच आहे. परंतु ज्या नदीचे पाणी आपण पितो, तिच्या काठचे सिरपूर त्यांना परके राहावे, हे काही बरे नव्हे.

मंडळापुढे तीन लहानशा सूचना ठेवतो. वर्षातून एकदा सभासदांची सिरपूरची सहल काढावी व तीत जाणत्या माणसाकडून अवशेषांचा अर्थ समजून घ्यावा. या स्थळाची माहिती देणारी एक छोटी मराठी पुस्तिका मंडळाने छापावी आणि तिच्यात हिरालाल, पांडेय, मिराशी, दीक्षित व शर्मा या पाचांचा परिचय एकत्र द्यावा. तिसरी सूचना आपल्या घरांसंबंधी. येथल्या जुन्या मराठी कुटुंबांच्या माळ्यांवर पत्रे, जमाखर्चाच्या वह्या, खरेदीखते, छायाचित्रे पडून आहेत. त्यांची यादी करण्याचे काम मंडळाने या सुवर्णमहोत्सवी वर्षात हाती घ्यावे. कोणता कागद कोणाच्या घरी, कोणत्या पेटीत होता, हेही त्या यादीत लिहावे. तेवढे लिहिले नाही तर सिरपूरच्या मूर्तींचे झाले तेच आपल्या कागदांचे होईल.

वासटा राणीने आपल्या दानाची व्यवस्था चालविणारा मनुष्य राजाज्ञेने नव्हे, तर आपसांतील एकमताने निवडावा असे लिहून ठेवले. मंडळासारखी संस्था पन्नास वर्षे चालते ती अशाच रीतीने. तिचे देऊळ टिकले; आपले कामही टिकावे, हीच या प्रसंगी श्रीगंधेश्वराचरणी प्रार्थना.